कायमचा पत्ता

बदलीच्या नोकरीत ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली, त्यांच्या मनाला एक खोड जडते. दर तीन वर्षांनी ट्रंका बांधावयाच्या आणि नव्या गावी दूधवाल्यापासून सारी ओळख पुन्हा करावयाची, हे अंगवळणी पडले तरी कोठेतरी एक गाव जागच्या जागी आपली वाट पाहात उभे असावे, असे त्यांस वाटत राहते. आमचे असे गाव खरे म्हणजे कोकणात असावयाचे. पण तिकडचे घर वडिलांच्या पिढीतच वाटण्यांत गेले, आणि आमचे मन जाऊन गुंतले ते कोरोमंडल किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीत.

१९७६ साली आम्ही प्रथम तेथे गेलो. नेमणूक तंजावरास होती. मायावरमहून एक छोटी आगगाडी भाताच्या खाचरांमधून डुलत डुलत समुद्रापर्यंत जाई. डेन्मार्कच्या लोकांनी १६२० साली बांधावयास घेतलेला डान्सबोर्गचा किल्ला त्या काळी सरकारी विश्रामगृह म्हणून वापरात होता. रात्रभर लाटांचा घोष कानांवर येत होता. गावाच्या नावाचा अर्थच गाणाऱ्या लाटांचे ठिकाण असा सांगतात. पहाटे उठून पाहिले, तो कोळ्यांची कट्टुमरम एकामागून एक पाण्यात शिरत होती. मराठी मनास गंमत वाटावी अशी एक गोष्टही तेथेच उमगली. गावाची जमीन डेन लोकांना मिळाली ती तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून. पुढे तंजावर व्यंकोजीराजांच्या हाती आले, आणि या गोऱ्या व्यापाऱ्यांचा वार्षिक नजराणा भोसल्यांच्या दरबारी जाऊ लागला. परमुलखात आपल्या माणसाचे नाव ऐकू यावे, तसे आम्हांस झाले.

त्यानंतर जेव्हा जेव्हा दक्षिणेत जाणे झाले, तेव्हा वाट वाकडी करून आम्ही तेथे जात राहिलो. गाव मात्र आमच्यासाठी थांबावयास तयार नव्हते. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे गेला. आगगाडी १९८६ साली बंद पडली. १९९१ साली तंजावर जिल्ह्यातून नागपट्टिनम वेगळा झाला, त्यात तरंगंबाडी गेली. पांड्यांच्या काळचे मासिलामणीनाथाचे देऊळ समुद्राने पुढच्या अंगाने खात आणले होते. प्रत्येक खेपेस आम्ही मनाशी कुरकुरत असू. स्वतः वीस घरे बदललेल्या माणसाने एका गावाकडून मात्र स्थिरतेची अपेक्षा करावी, यातला विनोद तेव्हा ध्यानात आला नाही.

२६ डिसेंबर २००४ रोजी सुनामीची लाट आली. एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. मदतकार्यासाठी ठिकठिकाणची माणसे तिकडे धाडण्यात आली. मोडकी का होईना, तमिळ येते म्हणून त्यांत आमचीही वर्णी लागली. २००५ च्या उन्हाळ्यात काम आले ते याद्या करण्याचे. भरतीरेषेपासून दोनशे मीटरांच्या आत ज्यांची घरे होती, त्यांना आत दूरवर नवे पक्के घर मिळावयाचे होते. मात्र ते घेणाऱ्याने किनाऱ्यावरची जुनी जागा सरकारला सोडून द्यावयाची. सक्ती नव्हती, पण मागे राहणाऱ्यास घरासाठी मदतही नव्हती.

एक म्हातारी कोळीण आमच्या टेबलापुढे आली. तिचा थोरला मुलगा लाटेत गेला होता. आम्ही तिला पाट्टी, म्हणजे आजी, अशी हाक मारून सारे समजावून सांगितले. ऐकून घेऊन तिने एकच विचारले, "अय्या, तिथून समुद्राचा आवाज येतो का?" आम्हांस वाटले, दुःखाने बिचारीचे भान गेले आहे. आम्ही म्हणालो, "पाट्टी, तिथे पाणी येणार नाही." तिने आणखी काही न विचारता अंगठा उठविला.

पुढे एका जाणत्या कोळ्याने सांगितले, की घरात निजल्या निजल्या लाटांच्या आवाजावरून पहाटे होडी घालावी की नाही ते ठरते. म्हातारीने भावनेचे काही विचारले नव्हते. चरितार्थाचे विचारले होते. आमच्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता, आणि तो पाडावा हे आम्हांस सुचले नाही.

२०१९ च्या जानेवारीत, निवृत्तीनंतर, आम्ही पुन्हा गेलो. किल्ला दुरुस्त झाला होता. जुन्या रस्त्यावरची काही घरे नव्या चुन्याने पांढरीशुभ्र दिसत होती. आम्हांला प्रिय असलेली शेवाळलेली भिंत नाहीशी झाली म्हणून आम्ही खट्टू झालो, आणि लगेच ओशाळलोही. त्या भिंतीखाली राहावयाचे आम्हांला कधीच नव्हते. पाट्टी किनाऱ्यावर होड्यांच्या सावलीत जाळी निवडीत बसलेली भेटली. तिने आम्हांस ओळखले, नावाने नव्हे, "कागदवाले अय्या" म्हणून. आम्ही भीत भीत घराची चौकशी केली. ती म्हणाली, "घर चांगलं आहे. दोन महिन्यांपूर्वी गज वादळ आलं, तेव्हा नातवंडं निर्धास्त निजली. मला तेवढी झोप लागत नाही. फार शांत आहे तिथे." रोज पहाटे ती चालत किनाऱ्यावर येई आणि तिन्हीसांजेस परत जाई. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर आम्हांला सोपे गेले असते.

२०२० साली तरंगंबाडीची पुन्हा बदली झाली, ती मयिलादुतुरै या नव्या जिल्ह्यात. १८४५ साली डेन लोकांनी इंग्रजांना विकल्यावर पंधरा वर्षे याच गावी तंजावर जिल्ह्याची कचेरी होती, तीही हलली. अशी बातमी वाचून आम्ही पूर्वी हळहळलो असतो. आता त्या यादीचे पान डोळ्यांपुढे येते. 'कायमचा पत्ता' या रकान्यात आम्ही आमच्या अक्षरात नव्या घराचा क्रमांक लिहिला होता. लिहिण्यापूर्वी आम्ही पाट्टीला पत्ता विचारला, तेव्हा तिने मान वळवून समुद्राकडे बोट केले होते.