केडगावची सहल

सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर नाही तर गणपतीपुळे येतं. आमच्या मंडळीतल्या महिला सभेची यंदाची सहल मात्र गेली केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये. ‘तिथं काय बघायचंय?’ असं घरून विचारणं झालंच. मी पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी अन् शेंगदाण्याची चटणी बांधली, मुलांना सासूबाईंवर सोपवलं आणि निघाले.

खरं कारण वेगळंच होतं. आमच्यातल्या एक मावशी वर्षभर सभेला येत नव्हत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा गेला. तेव्हा आम्ही सगळ्या जणी भेटायला गेलो, ‘देवाची इच्छा’, ‘विश्वास ढळू देऊ नका’ असं म्हणालो आणि चहा घेऊन परतलो. मीही त्यातलीच. बी. ए. झालेली, शाळेत मुलांना शिकवणारी, पण त्या दिवशी मला दुसरं वाक्य सुचलं नाही. पुढेपुढे मावशी दार अर्धंच उघडू लागल्या. केडगावला मात्र त्या लगेच हो म्हणाल्या. त्यांची पणजी दुष्काळात तिथंच येऊन वाढली होती.

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी धरली की उरळी, यवत करत केडगाव येतं. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा धूर. मावशी खिडकीशी गप्प बसल्या होत्या.

रमाबाईंबद्दल आपण शाळेत चार ओळी वाचलेल्या असतात. १८८२ साली पती वारले, तेव्हा पदरात लहानगी मनोरमा. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये मुंबईला विधवांसाठी शारदा सदन काढलं. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात उपाशी फिरणाऱ्या मुलींना त्यांनी गोळा करून आणलं आणि केडगावच्या माळावर वस्ती उभी राहिली. १९०० च्या दुष्काळानंतर तर तिथं दीड-दोन हजार जणी होत्या.

आता तुम्हीच सांगा, आपल्या घरी चार पाहुणे आले तर आपली धांदल उडते. इतक्या जणींचं केलं कुणी? शारदा सदनात आधी शिकलेल्या मुलींनी! ज्या विधवांना कालपर्यंत शुभकार्यात कुणी पुढे येऊ देत नव्हतं, त्यांनी या नव्या पोरींना न्हाऊमाखू घातलं, अक्षरं शिकवली. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थनेला कोण येतं म्हणून विचारलं. सुरुवातीला सत्तरेक जणी उठल्या, जूनपर्यंत त्या साडेपाचशेच्या घरात गेल्या. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात एकमेकांना रोज धीर देत जा असं सांगितलंय, ते आम्ही दर गुरुवारी वाचतो. रोज म्हणजे रोज, हे तिथं त्या मोठ्या दगडी चर्चपाशी उभी राहिले तेव्हा मला कळलं.

रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबल आणलं, ते मुक्तीतल्याच छापखान्यात बायकांनी छापलं. मनोरमा १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही राहिल्या नाहीत, ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या. हे सांगणं चाललं असताना माझं लक्ष मावशींकडे होतं. त्या खाली बघत होत्या.

अंध स्त्रियांसाठी तिथं बार्तिमी सदन आहे. तिथल्या एका आजींनी मावशींचा हात हातात घेतला. ‘सलाम बाई, कुठल्या तुम्ही?’ मग, ‘मुलंबाळं किती?’ आम्ही सगळ्या चपापलो. मावशी म्हणाल्या, ‘एक होता.’

‘नाव काय त्याचं?’

मावशींनी नाव सांगितलं. वर्षभरात आमच्यापैकी कुणी त्यांच्यापुढे ते नाव घेतलं नव्हतं, त्यांना वाईट वाटेल म्हणून. आजींनी पुढे विचारलं, ‘काय आवडायचं त्याला जेवायला?’ ‘कारलं,’ मावशी म्हणाल्या, ‘मुलखावेगळा मेला!’ आणि हसल्या. मग रडल्या. आजी हात धरून बसून राहिल्या, वचनबिचन काही सांगितलं नाही.

जायचं असेल तर आधी पत्र पाठवून किंवा फोन करून विचारा बरं का. ते काही प्रेक्षणीय स्थळ नाही, बायामुलींचं घर आहे. परतीच्या गाड्यांच्या वेळाही बघून ठेवा. आम्ही तासभर फलाटावर बसलो. डब्यातली चटणी तिथंच संपली.

मावशी गुरुवारच्या सभेला अजून येत नाहीत. मी मंगळवारी शाळा सुटली की त्यांच्याकडे डोकावते. परवा त्यांनी मुलाच्या फोटोंची पिशवी काढली. दोन तास एकेक फोटो बघत बसलो. चहा मीच केला, साखर कुठल्या डब्यात असते ते आता मला ठाऊक आहे.