कुटायची की गिळायची?

आमच्या घरात बाळगुटीची सहाण अजून जपून ठेवलेली आहे. वडिलांच्या मागे बडोद्याचे बिऱ्हाड मोडून आई माझ्याकडे सिल्वासाला राहावयास आली, तेव्हा पुष्कळ सामान तिने वाटून टाकले. सहाण आणि पितळी खलबत्ता मात्र स्वतःच्या पिशवीत घालून आणला. त्या सहाणेवर माझ्यासकट दोन पिढ्यांची गुटी उगाळली गेली. हळकुंडाचा एक वेढा, मुरुडशेंगेचे दोन, जायफळाचा जेमतेम अर्धा, असे वेढे मोजून द्यावयाचे. जायफळ जास्त पडले तर मूल दिवसभर गुंगून राहते, ही ताकीद आईला तिच्या सासूबाईंकडून मिळालेली. औषधाचा हिशेब ते देण्याच्या रीतीतच बांधून ठेवावयाचा, हे तत्त्व पुढे मी अहमदाबादच्या एल. एम. कॉलेजात चार वर्षे शिकलो. घरी ते दोन वाक्यांत सांगून होत असे, एवढाच फरक.

मी सिल्वासाला आलो तो १९८८ साली. पोर्तुगिजांच्या अमलातून हा मुलूख १९५४ मध्ये सुटला, १९६१ मध्ये रीतसर भारतात आला आणि २०२० पासून दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. आम्हा नोकरदारांना येथे आणले ते मात्र करसवलतींनी. त्यांच्या जोरावर मसाट, पिपरिया, आमली या भागांत कारखाने उभे राहिले. त्यांत औषधांचेही होते. वापी स्टेशनावर उतरून येथे यावयाचे. कानांवर वारली, गुजराती, मराठी एकदमच पडत असल्यामुळे बडोद्याच्या माणसाला परके वाटण्याचे कारण नव्हते. मला काम मिळाले गोळ्यांच्या खात्यात.

गोळी म्हणजे औषध, असा आपला समज असतो. खरे पाहता पुष्कळ गोळ्यांत औषध पाच-दहा मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या काही कणांइतके. एवढे चिमटीत धरता येत नाही, मोजता येत नाही. म्हणून त्यात दुग्धशर्करा किंवा सेल्युलोजची भरणी घालावयाची, पोटात गेल्यावर गोळी फुटावी म्हणून स्टार्च, कण एकमेकांस धरून राहावेत म्हणून खळीसारखा चिकट द्राव, आणि साच्याला चिकटू नये म्हणून अगदी शेवटी चिमूटभर मॅग्नेशियम स्टिअरेट. हा शेवटचा पदार्थ मेणासारखा गुळगुळीत असतो. तो गरजेपेक्षा जास्त वेळ घोळला गेला तर प्रत्येक कणाला त्याचा लेप बसतो, पाणी आत शिरत नाही आणि गोळी विरघळावयास उशीर करते. साच्यात भुकटी दाबून गोळी करण्याची युक्ती विल्यम ब्रॉकडन नावाच्या एका इंग्रज चित्रकाराची. पेन्सिलीसाठी चांगले शिसे मिळेना, म्हणून शिशाची भुकटी दाबून तिचा घट्ट ठोकळा करण्याचा मार्ग त्याने काढला आणि १८४३ साली औषधांच्या गोळ्यांसह त्याचे पेटंट घेतले. चित्रकाराच्या अडचणीतून औषधाची गोळी जन्मावी, याची मला अजून मौज वाटते.

भुकटी जशीच्या तशी दाबली तर गोळी धड होत नाही. ती भिजवून तिचे रवाळ दाणे करावे लागतात, मग वाळवून, चाळून यंत्राकडे न्यावयाचे. भिजवण कोठे थांबवावी, येथे खरी परीक्षा असते. यंत्रावर विजेचा काटा असतो, कागदावर मिनिटे लिहिलेली असतात. तरी आमच्या खात्यातील खानवेलकडचा एक वारली कारागीर दर वेळी हातमोजा चढवून मूठभर मिश्रण घेई, दाबे, आणि अंगठ्याने मोडून पाही. मूठ वळली पाहिजे आणि मोडताना स्वच्छ मोडली पाहिजे. आईला मी हे सांगितले तेव्हा ती हसली. “अरे, करंजीच्या पिठात मोहन घातल्यावर आम्ही दुसरं काय पाहतो?” ती म्हणाली.

१९९६ च्या जुलैतील गोष्ट. सिल्वासाचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला हवेतील ओल म्हणजे काय ते सांगावयास नको. कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते. त्या दिवशी कारागिराने मूठ दाबून पाहिली आणि म्हणाला, “सायेब, आज मूठ जड लागते. पाणी थांबवा.” भुकटीने आधीच ओल ओढून घेतली होती, हे त्याच्या हाताला कळले. मला कळले नाही. मी कागदावरील आकडा पाहिला आणि ठरलेला द्राव पुरता घालावयास लावला. गोळ्या दिसावयास सुरेख झाल्या. मिनिटाला २५ फेरे घेणाऱ्या पिंपात चार मिनिटे आपटून पाहिल्या. शंभर वेळा पडूनही त्या झिजल्या नाहीत. पुढची परीक्षा विरघळण्याची. ३७ अंश उष्णतेच्या ९०० मिलिलिटर द्रवात गोळी सोडावयाची, वल्ह्यासारखा दांडा मिनिटाला ५० फेरे फिरत राहतो आणि ठरलेल्या वेळी किती औषध बाहेर आले ते मोजतात. जास्त भिजून दाणे दगड झाले होते. औषध आतच अडकले. सबंध घाणी नष्ट करावी लागली. कारागीर एक शब्द बोलला नाही. घरी आईने मात्र विचारले, “त्याचं का नाही ऐकलंस?”

त्या रात्री तिची समजूत घालताना मी मोठ्या हौसेने गोळीची सगळी कृती तिला समजावून दिली आणि शेवटी म्हणालो, “आई, गोळी म्हणजे तरी काय, दाबलेली भुकटी!” हे वाक्य पुढे माझ्यावर उलटावयाचे होते.

१९९९ च्या हिवाळ्यात आई सकाळी तुळशीला पाणी घालताना चक्कर येऊन पडली. मनगट मोडले. रक्तदाब इतका खाली गेला होता की डॉक्टरही चपापले. तिला रक्तदाबावर दिवसातून एकदाच घ्यावयाची गोळी चालू होती. सौ.ने गोळ्या मोजून पाहिल्या; एकही जास्त गेलेली नव्हती. मग डॉक्टरांनी सहज विचारले, “आजी, गोळी घेता कशी?” आई म्हणाली, “मोठी आहे, घशात अडकते. खलबत्त्यात कुटते आणि मधातून चाटते.” आठ दिवसांपासून तिचे असे चालले होते.

चोवीस तास थोडे थोडे सुटावे म्हणून बांधलेले औषध तिने रोज सकाळी एका दमात पोटात घातले होते. तशा गोळ्या करणाऱ्या खात्यात मी अकरा वर्षे घालवली होती आणि माझ्याच घरात कोणाला हे ठाऊक नव्हते. वेष्टनावर सूचना होती. बारीक इंग्रजी अक्षरांत. मी रागावून म्हणालो, “मला विचारायचं तरी!” आई प्लॅस्टरमधला हात सांभाळत शांतपणे म्हणाली, “तूच ना म्हणालास, दाबलेली भुकटी म्हणून?”

यावर मजजवळ उत्तर नव्हते. अर्धे ज्ञान मी दिले, तिने ते पुरते वापरले.

मग मी तिला सब्जाची उपमा दिली. अशा काही गोळ्यांत सेल्युलोजपासून केलेला एक पदार्थ असतो. पाणी लागताच तो सब्जाच्या बीसारखा फुगतो, गोळीभोवती बुळबुळीत पदर धरतो आणि औषध त्यातून झिरपत झिरपत बाहेर येते. कुटले की तो पदर धरावयास गोळीच उरत नाही. काही गोळ्यांवर निराळाच लेप असतो: जठराच्या आम्लात दोन तास तो टिकतो आणि आतड्यात गेल्यावर विरतो. पित्तावरची पँटोप्राझोलची गोळी अशीच. औषध आम्लात नासते म्हणून त्याला चिलखत. ती कुटून घेणे म्हणजे बरेचसे औषध वाया घालविणे. सावकाश सुटणाऱ्या गोळीच्या नावापुढे बहुधा एस.आर., एक्स.आर., सी.आर. अशी अक्षरे असतात. त्यांपैकी काहींच्या मधोमध खाच असते. तेथे मोडून अर्धी घेता येते, पण तीही कुटावयाची नाही.

भरणीचा म्हणून आपण तुच्छतेने उल्लेख करतो तो पदार्थसुद्धा केवळ भरणीचा नसतो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन शहरी १९६८-६९ मध्ये अपस्माराचे रोगी एकाएकी विषबाधेची लक्षणे घेऊन येऊ लागले. फेनिटॉइनची कॅप्सूल तीच, मात्रा तीच. शोध घेता कळले की निर्मात्याने भरणीतील कॅल्शियम सल्फेट काढून दुग्धशर्करा घातली होती. आधीच्या भरणीमुळे औषध अंगी कमी लागत होते आणि डॉक्टरांनी त्या हिशेबाने मात्रा बसविली होती. भरणी बदलताच तीच मात्रा जास्त झाली. हे मी आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे अनुपान बदललं.” आमच्या पाठ्यपुस्तकात या प्रकाराला लांबलचक इंग्रजी नाव होते.

डॉक्टरांनी पुढे तिला गिळावयास सोपी अशी लहान गोळी लिहून दिली. मधुमेहाची सावकाश सुटणारी गोळी सुरू झाली तेव्हा नवा प्रसंग उद्भवला. एके सकाळी ती हिरमुसून सांगू लागली की गोळी शौचावाटे जशीच्या तशी पडली, पैसे फुकट गेले. औषध आतून केव्हाच निघून गेले असून बाहेर पडले ते नुसते फुगलेले टरफल, हे पटवावयास मला दोन दिवस लागले. आपल्या वाचकांपैकी कोणाच्या घरी ही तक्रार झाली असल्यास घाबरू नये.

त्यानंतर घरात नवीन गोळी आली की आई आधी मला हाक मारी, “कुटायची की गिळायची?” तिने चहाचे दोन रिकामे पत्र्याचे डबे घेतले, त्यांवर कागद डकवला आणि डाव्या हाताने, कारण उजवा अजून नीट चालत नव्हता, वाकड्या अक्षरांत एकावर ‘चालेल’ आणि दुसऱ्यावर ‘कुटू नये’ असे लिहिले. २००९ साली ती गेली. डबे फळीवर आहेत. पहिल्यात सौ. वेलची ठेवते, दुसऱ्यात सध्या माझ्याच गोळ्या असतात.