जुवे बेटाचा चित्रकार

मांडवीच्या पात्रात, तिसवाडी तालुक्यात, सांत इस्तेव्ह नावाचे एक लहानसे बेट आहे. गोव्याचे लोक त्याला जुवे म्हणतात. जुवे म्हणजेच बेट. भोवती खारे पाणी, ते थोपवून धरणारे मातीचे बांध, बांधांआड खाजण शेते, मध्ये कौलारू घरे आणि आद्य हुतात्मा संत स्तेफन ह्यांच्या नावाचे चर्च. टेकडीवरील जुन्या किल्ल्यावर प्रभू येशूची मूर्ती उभी आहे. तेथून खाली पाहिले असता पाणी आणि हिरवळ ह्यांची वीण मोठी मनोहर दिसते. इथल्या सात शिरांच्या लांब भेंडीची कीर्ती तर गोव्याच्या बाजारांत सर्वत्र आहे.

परंतु ह्या बेटाने भेंडीहून मोलाचे असे एक फळ आपल्या ख्रिस्ती समाजाला दिले आहे. चित्रकार आंजेलो द फोन्सेका ह्यांचा जन्म 1902 साली येथेच एका सधन कुटुंबात झाला. शालेय शिक्षण बेळगाव व पुणे येथे आटोपून ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. मुलगा डॉक्टर होणार ह्याहून अधिक आनंदाची गोष्ट त्या काळच्या घराला कोणती असणार? पण आंजेलोंचा ओढा रंगरेषांकडे होता. त्यांनी वैद्यकाचा अभ्यास सोडला आणि जे. जे. कलाशाळेची वाट धरली. तेथील पाश्चात्त्य धर्तीच्या शिक्षणानेही त्यांचे समाधान होईना, तेव्हा ते थेट बंगालात शांतिनिकेतनास गेले. अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस ह्यांच्यापाशी त्यांना आपली वाट सापडली. जलरंगाचा हात कागदावर फिरवावा, कागद पाण्याने धुवावा, वाळवावा, पुन्हा रंग द्यावा, अशी ती शांत, चिकाटीची चित्रपद्धती आहे. तिच्यात घाई चालत नाही.

गावी परतल्यावर त्यांनी पवित्र मरियेला लुगडे नेसविले. येशूला व संतांना आपल्या मातीतील माणसांचे रूप दिले. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य होते, आणि युरोपीय मुखवट्याच्या मूर्तींची सवय जडलेल्या अनेकांना हा प्रकार रुचला नाही. टीका झाली. 1931 च्या सुमारास फोन्सेकांनी गोवा सोडला आणि पुणे गाठले.

पुण्याच्या शिवाजीनगर भागात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम आहे. जॅक विन्स्लो ह्या अँग्लिकन धर्मगुरूने 1927 साली त्याची येथे स्थापना केली. ख्रिस्ताची उपासना भारतीय रीतीने, साधेपणाने व्हावी, हा त्या आश्रमाचा हेतू. आपल्या ह्या कॅथलिक चित्रकाराला आसरा मिळाला तो येथे! इथल्या शांततेत त्यांनी वर्षानुवर्षे चित्रे काढली. पुढे विवाह झाला. पत्नी आयव्ही ह्यांचा चेहरा त्यांच्या कित्येक मरियाचित्रांत उतरला. 1967 साली पुण्यातच त्यांनी देह ठेवला.

त्याच्या चारच वर्षे आधी, 1963 च्या डिसेंबरात, दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनेसंबंधीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला होता. कोणतीही एकच कलाशैली ही ख्रिस्तसभेची स्वतःची नव्हे, सर्व लोकांच्या कलेला देवघरात मानाचे स्थान आहे, असे तिने त्यात सांगितले. ज्या गोष्टीसाठी फोन्सेकांनी टीका सोसली, तिला अशी मान्यता मिळाली. त्यांच्या पत्नीने जिवापाड जपलेली चित्रे पुढे गोव्यास परत आली आणि पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राच्या स्वाधीन झाली. ज्या भूमीने त्यांना दूर केले, तिनेच आता त्यांना जवळ घेतले आहे.

वाचकहो, ह्या कथेतून सोपा धडा काढू नये. फोन्सेकांच्या घरी सुबत्ता होती; ज्याच्या शिरावर धाकट्या भावंडांचा भार आहे, त्याने शिक्षण अर्ध्यावर सोडून कुंचला उचलावा, असे कोणीही म्हणणार नाही. त्याने दिवसा पोटाचा उद्योग करावा आणि संध्याकाळी आपली आवड जोपासावी, ह्यातही कमीपणा नाही. शिवाय आवड आणि लहर ह्यांत अंतर आहे. लहर टाळ्या थांबल्या की विझते. आवड निंदेतही तेवत राहते. फोन्सेकांनी दोन विद्यालये सोडली खरी, परंतु चित्रकला एक दिवसही सोडली नाही.

आईबापांनीही एवढे अवश्य पाहावे. मुलाचा हात कशात रमतो? सुतारकामात, शेतीत, गाण्यात, की रुग्णसेवेत? धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दाखला आपण चर्चमध्ये ऐकतो आणि घरी येऊन शेजाऱ्याच्या मुलाकडे बोट दाखवीत आपल्या मुलाचे देणे आपल्याच हातांनी पुरतो! परमेश्वराने प्रत्येकाला वेगळे देणे दिले आहे, आणि त्याचा हिशेब तो ज्याचा त्याच्याकडेच मागणार आहे.

गोव्यास जाल तेव्हा पर्वरीच्या त्या केंद्राची चौकशी अवश्य करा, आणि सवड असल्यास जुवे बेटावरही जा. मुलांना बरोबर न्या.