पाठीला लागणारी भिंत

दसरा जवळ आला की आमच्या पिढीच्या घरांत आधी सामान अंगणात यायचं आणि मग चुना घरात यायचा. कळीचा चुना. त्याचे खडे पिंपात टाकून वर पाणी ओतलं की फसफसून वाफा निघायच्या. खाली जाळ नाही, तरी पाणी उकळतंय! ते बघायला गल्लीतली पोरं जमायची आणि ‘लांब व्हा, डोळ्यांत जाईल’ हा ओरडा अखंड चालायचा. रात्रभर निवलेला चुना सकाळी फडक्यातून गाळायचा, त्यात डिंकाचं पाणी आणि निळीची चिमूट घालायची. नीळ किती, यावर घरात दोन पक्ष. पहिला हात दिला की भिंत मळकटच दिसायची. वाळता वाळता दुपारपर्यंत पांढरी होत जायची.

आता रंगारी शेडकार्ड उघडतो, आपण बोट ठेवतो. डबा आला, रंग लागला, सामान जागच्या जागी. भिंत ओल्या फडक्याने पुसता येते, टेकून बसलं तरी पाठ पांढरी होत नाही.

तो चुना छळवादीच होता म्हणा. हाताची सालं निघत, पावसाळ्यात पोपडे गळत, पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून. कंबर मोडायची ती घरातल्या बायकांची. ‘काय मजा यायची’ म्हणणाऱ्या आमच्यातल्या बहुतेकांनी कुंचा कधी हातात धरलेला नसतो.

पिंपातली गंमत पुढे शाळेत उलगडली. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती भट्टीत 900 अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. 100 किलो शुद्ध चुनखडीमागे 56 किलो चुना उरतो. पाणी पडलं की तो तापतो, आणि भिंतीवर गेला की हवेतला तोच वायू ओढून घेत पुन्हा चुनखडी होतो. दर दसऱ्याला आम्ही भिंतीवर दगडाचा पापुद्राच चढवत होतो! कोकणात दगडाऐवजी शिंपले भाजत. गडांवर चुना मळायच्या दगडी घाण्या अजून दिसतात.

आज चुनखडी नजरेआड गेली, घराबाहेर नाही. टूथपेस्टमध्ये ती आहे, कागदात आहे, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कॅल्शियमच्या गोळीत आहे आणि नव्या रंगाच्या डब्यातही भरीला तीच आहे. आजी पानाला चुना लावायची तो बोटाच्या टोकाने, जीभ भाजणार नाही इतकाच. आम्ही गोळी मोजून घेतो, जेवणानंतर, पाण्याबरोबर. गोळीने तोंड भाजत नाही. तशी ती खाताना शेजारी कुणी गप्पांना बसतही नाही.

जुना वाडा अजून कुणाच्या ताब्यात असेल, तर एक विनंती: चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नका. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं आणि भिंत आतून खराब होते. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा. वेळ लागेल, पैसेही जास्त घेईल. पण बोलवा त्यालाच.