तलंग कोणाला म्हणायचं

पंचवटी, नाशिक

चि. छकुलीस,


काल तू विचारलंस, "मामा, अर्जात 'तलंग' लिहिलंय, ती कोंबडीची जात का?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

तलंग ही जात नव्हे, ते वय आहे. पिल्लूपण सरलंय आणि अजून अंडं घातलेलं नाही, अशी मादी म्हणजे तलंग. पेठला माझी आजी पहाटे डालं उचलायची आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या वयानं हाक मारायची. नर की मादी कळत नाही तोवर ते नुसतं पिल्लू. तुरा दिसायला लागला की एकाचा कोंबडा व्हायचा, दुसरीची तलंग. तलंगेचा तुरा लाल झाला, ती घरातले कोपरे धुंडाळू लागली, पाठीवर हात ठेवताच दबून बसली, की आजी टोपलीत गवत घालून ठेवी. पहिलं अंडं अगदी लहान असतं. ते मिळालं त्या दिवसापासून ती कोंबडी. पुढे दहा-पंधरा अंडी झाली की ती अंग फुगवून बसे, जवळ गेलं तर चोच मारी. मग आजी म्हणे, "खुडूक झाली." तिला अंड्यांवर बसवायचं, २१ दिवसांनी पिल्लं. कोंबड्याचे दिवस मात्र दिवाळीतल्या वाघबारशीच्या बळीपर्यंत मोजलेले असत.

पशुसंवर्धन विभागाच्या तुझ्या योजनेत ८ ते १० आठवड्यांच्या २५ माद्या आणि ३ नर आहेत, आणि त्या सगळ्यांचा मिळून 'तलंग गट'. नराला तलंग म्हणणं आजीला पटलं नसतं, मलाही पटत नाही. तरी त्या कागदानं हा शब्द जपला, याचं मला मनापासून बरं वाटतं. कारण इथे शहरात तो कुठेच ऐकू येत नाही.

येणार तरी कसा? दुकानातल्या जाळीतली ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांची असते. वजन दोन किलो, पण कान देऊन ऐक, आवाज पिल्लाचाच आहे. ती तलंग होण्याआधीच कापली जाते. अंड्यांच्या फार्मवरची लेअर वर्षाला ३००च्या आसपास अंडी देते, पण खुडूक सहसा होत नाही; पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तो गुणच काढून टाकलाय. आणि तिचे भाऊ? ते अंडी देत नाहीत, अंगानंही सावकाश भरतात, म्हणून हॅचरीत पहिल्याच दिवशी वेगळे काढून मारले जातात. जर्मनीनं २०२२पासून ते कायद्यानं थांबवलं. आपल्याकडेही थांबावं, असं मला फार वाटतं. आजीच्या अंगणातले शब्द आपण विसरलो असं लोक म्हणतात. मला वाटतं, त्या शब्दांइतकं जगणंच आता पक्ष्यांच्या वाट्याला येत नाही.

तुझ्या पक्ष्यांना ते मिळू दे. आल्या आल्या अंड्यांची वाट पाहू नकोस, अजून तीनेक महिने लागतील. एखादी खुडूक झाली तर तिला पाण्यात बुडवून उठवू नकोस, तिच्याखाली अंडी ठेव. आणि पहिलं अंडं ज्या दिवशी मिळेल, ती तारीख वहीत लिहून मला कळव.

तुझा,
मामा