सात जानेवारी

सांगली,
७ जानेवारी

चि. चिन्मय यास,


दिवाळीत फराळाच्या ताटावर आपलं वाजलं, त्याला दोन महिने होऊन गेले. तू म्हणालास, "जिथे हुकूमशहा स्वतःच्याच माणसांना मारतो, तिथे बाहेरून सैन्य घुसवून त्याला पाडलं तर बिघडलं कुठे?" मी म्हणाले, "युद्धाने आजवर कुणाचं भलं झालेलं नाही," आणि उठून आत गेले. तुझा पडलेला चेहरा मला दिसला होता. तीस वर्षं वर्गात इतिहास शिकवलेल्या बाईने असं एका वाक्यात समोरच्याचं तोंड बंद करणं बरं नव्हे. शिवाय माझं वाक्य खरंही नव्हतं. ते खोटं ठरवणारी जागा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलेली आहे. ते वाक्य मागे घ्यायला हे पत्र लिहिते आहे. तुझं म्हणणं मात्र मला आजही मान्य नाही.

आजची तारीख मुद्दाम निवडली. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामचं सैन्य कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये शिरलं आणि पोल पोटची राजवट कोसळली. कंबोडियातली जुनी माणसं त्या राजवटीचा हिशेब तोंडपाठ सांगतात: तीन वर्षं, आठ महिने, वीस दिवस. एवढ्या काळात १५ ते २० लाख माणसं उपासमारीने, अतिश्रमाने, आजाराने आणि थेट खुनाने मेली. देशाची लोकसंख्या ८० लाखांच्या आसपास होती. १७ एप्रिल १९७५ ला पोल पोटचे लोक, म्हणजे ख्मेर रूज, नॉम पेन्हमध्ये आले आणि काही दिवसांत अख्खं शहर त्यांनी रस्त्यावर काढलं. दवाखान्यातल्या रोग्यांनासुद्धा सोडलं नाही. चलन बंद, बाजार बंद, देवळं बंद, शाळा बंद.

आम्ही सहलीला गेलो होतो ते अंगकोर वाट बघायला. परतीच्या आदल्या दिवशी नॉम पेन्हमध्ये तुओल स्लेंगला नेलं. ती एक शाळा होती रे. आपल्याकडच्या कुठल्याही माध्यमिक शाळेसारखी: तीन मजली इमारती, लांब व्हरांडे, मधे मैदान. ख्मेर रूजने तिचा तुरुंग केला आणि तिला नाव दिलं एस-२१. वर्गांच्या भिंती फोडून एका वर्गातून दुसऱ्यात जायला वाटा काढल्या होत्या, आणि आत विटांच्या एवढ्याशा कोठड्या रचल्या होत्या, माणूस पाय पसरू शकणार नाही इतक्या. व्हरांड्यांना काटेरी तारांची जाळी होती. का, तर कैद्याने वरून उडी मारून आपलं आपण मरू नये. एका खोलीत पिवळ्या-पांढऱ्या फरशीवर लोखंडी खाट, बेड्या, आणि शौचासाठी काडतुसांची रिकामी पेटी. भिंतीवर फळा तसाच होता. मी त्या फळ्यासमोर किती वेळ उभी होते मला आठवत नाही. या तुरुंगाचा प्रमुख दुच हा पूर्वी गणिताचा शिक्षक होता. पोल पोटही एके काळी शाळेत शिकवत असे.

सुमारे १८ हजार माणसं इथे आणली गेली असं मानतात. वाचलेली प्रौढ माणसं बोटांवर मोजता येतील इतकी. व्हिएतनामचं सैन्य आलं तेव्हा पळून जाण्याआधी पहारेकऱ्यांनी शेवटच्या कैद्यांना खाटांवरच मारलं. वासाच्या मागावर आलेल्या व्हिएतनामी वार्ताहरांना चौदा प्रेतं सापडली. त्यांच्या चौदा पांढऱ्या समाध्या आज मैदानात आहेत. आणि त्याच आवारात काही लहान मुलं जिवंत सापडली. त्यांतल्या एकाने तीस वर्षांनी, २००९ साली, दुचच्या खटल्यात न्यायालयात उभं राहून साक्ष दिली.

आता सांग, "युद्धाने कुणाचं भलं झालेलं नाही" हे मी त्या मुलाला कुठल्या तोंडाने सांगू? सैन्य महिनाभर उशिरा आलं असतं तर तो राहिला असता का?

व्हिएतनाम दयेपोटी आला नव्हता. ख्मेर रूजचे लोक सरहद्द ओलांडून गावंच्या गावं कापत होते. एप्रिल १९७८ मध्ये बा चुक या गावात त्यांनी तीन हजारांहून अधिक माणसं मारली. शेवटी २५ डिसेंबरला व्हिएतनामने चाल केली आणि दोन आठवड्यांत राजधानी घेतली. आम्ही कंबोडियन जनतेला वाचवायला आलो, असा दावा त्याने जगापुढे मांडला नाही. त्याने स्वसंरक्षण सांगितलं, आणि राजवट कंबोडियन लोकांनीच उलथवली असं म्हटलं. हेतू सोवळा नव्हता. पण पाण्यात बुडणाऱ्याला बाहेर काढणाऱ्याचा हेतू किनाऱ्यावर उभं राहून तपासत बसू नये, असं मला वाटतं. हेतू तपासायचा तो नंतर. माणूस बाहेर आल्यावर त्याचा हात सोडला की नाही, ते तेव्हा बघायचं.

आणि तिथे व्हिएतनाम चुकला. सैन्य दहा वर्षांहून जास्त राहिलं. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये शेवटची तुकडी परतली. मधल्या काळात सरकार हनोईच्या इशाऱ्यावर चाललं, आणि थायलंडच्या सीमेवर अडथळ्यांची रांग उभारायला गावागावांतून माणसं वेठीला धरली गेली. मलेरियाने आणि सुरुंगांनी त्यांतली कितीतरी मेली. म्हणून सात जानेवारीबद्दल त्या देशात आजही एकमत नाही. सरकार हा दिवस नरसंहारावरचा विजय म्हणून पाळतं, विरोधक त्याला परकी ताब्याची सुरुवात म्हणतात. मला विचारशील तर दोघंही खरं बोलतात.

तू कायदा शिकतोस, म्हणून पुढचं नीट वाच. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम २ (४) तुला पाठ असेल: दुसऱ्या देशाविरुद्ध बळ वापरायचं नाही. त्या कलमाच्या नावाने जगाने काय केलं? सप्टेंबर १९७९ मध्ये आमसभेत मतदान झालं. कंबोडियाची खुर्ची कोणाची? ७१ देशांनी पोल पोटच्या राजवटीच्या बाजूने मत दिलं, ३५ विरुद्ध, ३४ तटस्थ. अमेरिका आणि चीन दोघेही त्या ७१ मध्ये. चीनने तर व्हिएतनामला धडा शिकवायला फेब्रुवारीतच त्याच्यावर सैन्य घातलं होतं. जंगलात पळालेल्या खुन्यांचा प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये त्या देशाच्या पाटीमागे बसत राहिला. इंदिरा गांधींच्या सरकारने जुलै १९८० मध्ये नॉम पेन्हच्या नव्या सरकारला मान्यता दिली, तेव्हा साम्यवादी गटाबाहेरचे असे देश फार थोडे होते. आपल्या देशाच्या त्या निर्णयाचा मला अभिमान आहे.

कलम वाईट नाही, बाळा. ते नसतं तर प्रत्येक बलवान देशाने शेजाऱ्याला हुकूमशहा ठरवून गिळलं असतं. ज्यांनी ते वापरलं त्यांना मेलेल्यांची नव्हे, आपापल्या गटाची काळजी होती, एवढाच माझा राग आहे. आणि हेही विसरू नकोस की ख्मेर रूज आकाशातून पडले नव्हते. १९६९ ते १९७३ अमेरिकेने कंबोडियाच्या खेड्यांवर बाँब टाकले, त्या राखेतून त्यांना माणसं मिळाली. ज्या देशाला एका परक्या सैन्याने सोडवलं, त्याला खड्ड्याच्या काठावर नेण्यातही परक्या विमानांचा हात होता.

तुझ्या बोलण्यात इराक आला होता म्हणून सांगते. सद्दामने हलब्जात कुर्दांवर विषारी वायू सोडला तो मार्च १९८८ मध्ये. तेव्हा कोणी गेलं नाही. त्या वेळी तो इराणशी लढत होता आणि पाश्चात्त्यांना तो हवा होता. गेले ते पंधरा वर्षांनी, नसलेल्या शस्त्रांचं कारण सांगून. तीन आठवड्यांत बगदाद पडलं. मे महिन्यात इराकचं सगळं सैन्य एका आदेशाने बरखास्त केलं, लाखो शस्त्रधारी माणसं पगाराविना घरी गेली, आणि त्यानंतर काय झालं ते तू बातम्यांतच पाहत मोठा झालास. पडल्यावर त्या जागी काय उभं राहणार, याचा विचार कोणी केलेला नव्हता. लिबियात २०११ साली तेच. हुकूमशहा आहे, एवढ्याने सैन्य नेण्याचा हक्क मिळत नाही. तुझं-माझं भांडण आहे ते इथे. माझ्या मते तो हक्क मिळतो तो कत्तल चालू असताना, ती थांबवण्यापुरता, आणि तोही दुसरी एकही वाट उरलेली नसेल तेव्हा. जुन्या पापाची शिक्षा म्हणून नव्हे. तिथलं सरकार आपल्या पसंतीचं व्हावं म्हणून तर नाहीच.

मी दहा वर्षांची होते तेव्हा दादरच्या आमच्या चाळीत काचांना काळे कागद चिकटवले होते. त्या वर्षी घरी येणाऱ्या पत्रांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं निर्वासित मदतीचं जादा तिकीट असे. १९७१ साल. पूर्व पाकिस्तानातून एक कोटीच्या आसपास माणसं आपल्याकडे आली होती. आमसभेत १०४ देशांनी युद्ध थांबवा म्हणून मत दिलं, विरुद्ध होतो आपण आणि आणखी दहा. आपल्यालाही स्वार्थ होता, नाही म्हणत नाही. पण १६ डिसेंबरला ढाका मोकळं झालं आणि मार्च १९७२ मध्ये आपल्या पलटणी परत आल्या. तीन महिन्यांत. व्हिएतनामचं आणि आपलं तोलून बघ, म्हणजे मी कुठे बोट ठेवते ते कळेल.

पोल पोट १९९८ च्या एप्रिलमध्ये थायलंडच्या सीमेजवळच्या जंगलात मेला. कुठल्याही आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे तो कधी उभा राहिला नाही. दुचला २०१० मध्ये शिक्षा झाली, पोल पोटच्या दोन वरिष्ठ साथीदारांना त्यानंतर. सैन्य दोन आठवड्यांत पोचलं, न्यायाला तीस वर्षं लागली.

तुमच्या महाविद्यालयात हा विषय पुन्हा निघेल. तू वकील होणार आहेस. तेव्हा हुकूमशहा किती दुष्ट आहे यावर वेळ घालवू नकोस, त्यावर कोणाचं दुमत नसतं. सैन्य कधी परत येणार, आणि ते कोणी लिहून दिलं आहे, हे आधी विचार. आणि त्या चौदा समाध्या एकदा स्वतः जाऊन बघून ये. तिकिटाचे पैसे मी देईन.

ताईला नमस्कार सांग. उलट टपाली लिही, भांडायचं असेल तरी चालेल.

तुझी,
मावशी