उतेऱ्याची वेळ

वारासिवनी
कोजागिरीच्या आदल्या दिवशी

चि. मृणाल,


नांगर न घालता, जमीन उघडी न टाकता शेती करायचं तुझ्या मनात आहे, आणि त्यासाठी पुण्याहून तज्ज्ञ बोलवावा का, असं विचारतेस. नको बोलवू. तूच आठवडाभर इकडे ये. चिन्नोर धान अजून उभं आहे, बांधीतलं पाणी काढलंय, चिखल पायाला चिकटतोय. उभ्या धानात लाखोरीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, बी फेकायचं ते आता; हाच उतेरा. पंधरा-वीस दिवसांनी धान कापलं की खाली हिरवं रान दिसतं. नांगरट नाही, पाणी नाही. उरलेल्या ओलीवर पीक निघतं.

लाखोरी वाढली की एखादं रोप बघ; उपटू नकोस, खुरपीनं मातीसकट काढ. मुळावरची गाठ नखानं फोड. आत गुलाबी निघाली तर रायझोबियम हवेतला नत्र धरतोय. पांढरी निघाली तर अजून कामाला लागलेला नाही. मात्र तुझ्या पुस्तकांत हे जरा फुगवून लिहितात. नत्राचा मोठा वाटा दाण्यासोबत घरी येतो. जमिनीला मिळतो तो मुळांचा, पाल्याचा, आणि कुटार गोठ्यात जाऊन शेण परत बांधीत पडलं तर त्याचा.

लाखोरी म्हटलं की तुझी आई म्हणेल, पाय लुळे पडतात. खोटं नाही ते. रीवा भागात मजुरी लाखेच्या दाण्यांत मिळायची. दुष्काळात महिनोन्महिने पोटात दुसरं काही नाही, आणि तरणीताठी माणसं काठीवर आली. १९६१ साली विक्रीवर बंदी आली. आता रतन, प्रतीक हे विषाचा अंश कमी असलेले वाण आहेत. तरी डाळ भिजवून पाणी ओतून द्यायचं, भरपूर पाण्यात उकळून पुन्हा निथळायचं. आणि रोज ती खायची नाही. धुऱ्यावरची तूर, परसातला पोपट वाल, बरबटी, उडीद यांच्या फेऱ्यात तिची पाळी येऊ दे. भातात लायसिन कमी, ते डाळ भरून काढते. डाळीत मिथिओनिन कमी, ते भात देतो. नुसत्या लाखेवर जगणाऱ्याच्या ताटात जोडीला दुसरं काहीच नव्हतं, दोष द्यायचा तर त्या मजुरीला द्यावा.

आमच्याकडे उतेरा मागे पडला तो काही बंदीमुळे नाही. पेरायला कुणी मनाई केली नव्हती. कालव्याचं पाणी पोहोचलं तिथे उन्हाळी धान आलं. हार्वेस्टरची चाकं कोवळं रोप तुडवतात. उरलंसुरलं मोकाट जनावरं फस्त करतात. शिवाय घरात लाखोरी रांधणारीच कुणी उरली नाही, मग पेरायची कुणासाठी? मला विचारशील तर खरी अडचण हीच. तुला शेती बदलायची असेल तर आधी मामीकडून लाखोरीचे वडे शिकून घे.

बियाणं मी ठेवलंय. येताना नागपुरात रायझोबियमचं पाकीट मिळालं तर घेऊन ये, उन्हात ठेवू नकोस. कुंपणाचा खर्च वाटून घ्यायला शेजारचे बांधीवाले तयार झालेत, फक्त कालव्याकडचा हो म्हणत नाही. तो तुझ्या बाबांचं ऐकतो. त्यांना म्हणावं, निघण्याआधी त्याला एक फोन करा.

तुझा,
मामा